नेम

मराठीतील ‘नेम’ हा शब्द दोन घरांचा धनी आहे. एका घरी तो व्रतस्थ असतो: एकादशीचा नेम, पोथीचा नेम, नेमधर्म. दुसऱ्या घरी तो पारध्याच्या वेषात वावरतो: नेम धरणे, नेम साधणे, नेम चुकणे. संस्कृत ‘नियमा’चीच ही दोन्ही बिऱ्हाडे. हिंदीतल्या ‘निशाना’ला किंवा संस्कृतातल्या ‘लक्ष्या’ला हे दुहेरी कूळ नाही. त्यातही गंमत अशी की, याच शब्दाला नकार जोडला की तो एकदम अनिश्चिततेचा वाचक होतो. ‘पावसाचा काही नेम नाही’ असे म्हणताना मराठी माणूस व्रत आणि शरसंधान दोन्ही विसरलेला असतो.

दिल्लीत गेली तीसेक वर्षे राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या दिनक्रमात हे सारे अर्थ एकाच छताखाली नांदतात. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ते लेखाधिकारी आहेत. वय छप्पन्न. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीचा हिशेब बिनचूक ठेवणारे, नाटकाला उशिरा येऊन मागच्या रांगेत बसणारे, एरव्ही कुणाच्या फारसे लक्षात न राहणारे असे हे गृहस्थ. १९९९ पासून ते दहा मीटर अंतरावरची हवेच्या पिस्तुलाची नेमबाजी करतात. देशासाठी ते कधी खेळले नाहीत, खेळणारही नव्हते. दिल्ली राज्याची स्पर्धा, तीत बरे गुण पडले तर मावळणकर स्पर्धा, आणि आयुष्यात दोनदा राष्ट्रीय स्पर्धा, एवढीच त्यांची मजल. सहाशेपैकी ५५८ हा त्यांचा स्पर्धेतील उच्चांक. या क्रीडेत तो आकडा ‘हौशी, परंतु गंभीर’ अशा वर्गात मोडतो.

छंद म्हटला की लोकांना विरंगुळा आठवतो. या छंदात विरंगुळ्याचा अंश फार थोडा. पहाटे पाच वाजता, घर जागे होण्याआधी, ते बैठकीच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहतात. पिस्तुलात छर्रा नसतो. हात उचलायचा, भिंतीवर काहीही न पाहता पुढची माशी मागच्या खाचेत बसवायची, चाप दाबायचा, हात खाली आणायचा. असे शंभर वेळा. भिंतीवर काळे वर्तुळ काढलेले नाही, ते मुद्दामच. लक्ष्य दिसले की मन हावरे होते, असे त्यांचे म्हणणे. या शंभर आवृत्त्यांत खंड पडला तो घरातील दोन मृत्यूंच्या वेळी आणि एका बाळंतपणाच्या. पत्नी शाळेत शिक्षिका आहेत. सकाळच्या त्या ‘टक्’ आवाजाला त्यांच्या कानांनी भूपाळीचे स्थान देऊन टाकले आहे. आवाज थांबला की चहा ठेवायचा.

या खेळातील मापे ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना त्यातले वेड कळणे कठीण. लक्ष्याचे कार्ड सतरा सेंटिमीटर चौरस. त्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पिस्तूल फार तर दीड किलोचे. ते एकाच हाताने धरायचे, मनगटाला कसलाही आधार चालत नाही, घोटा झाकणारे बूटही चालत नाहीत. साठ छर्रे, आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर पंचाहत्तर मिनिटे. चाप किमान पाचशे ग्रॅम वजन पेलणारा हवा. स्पर्धेपूर्वी पंच चापाला वजन अडकवून तो तपासतात. लेखाधिकाऱ्यांनी घरच्या तपासणीसाठी वाण्याच्या तराजूतले अर्धा किलोचे वजन तारेला बांधून ठेवले आहे. पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची. ती विकत मिळते तशी कुणाच्याच हाताला बसत नाही. मग लाकडाची लांबी लावायची, वाळवायची, कानशीने घासायची, पुन्हा हात लावून पाहायचा. पहिल्या सहा महिन्यांत ते पिस्तूल चालवीत होते की सुतारकाम करीत होते, हे सांगणे त्यांच्या घरच्यांनाही कठीण गेले असते.

घरात वापरलेल्या कार्डांचा ढीग असे. पुढच्या बाजूला वर्तुळे आणि भोके, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, शाळेतल्या परीक्षेच्या पाळ्या असे सगळे लिहिले जाई. मध्यभागी पडलेल्या भोकाला वळसा घालून ‘तूरडाळ’ लिहिण्याची एक खास लकब त्या घराच्या हस्ताक्षरात आली आहे.

तुघलकाबादच्या बाजूला, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी नव्याने बांधलेले नेमबाजीचे संकुल आहे. बिकानेरचे महाराज करणीसिंह यांचे नाव त्याला दिले आहे. करणीसिंह पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले होते. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. संस्थानिकांच्या शिकारखान्यातून निघालेली ही विद्या आता जाट शेतकऱ्यांच्या मुलींपर्यंत, कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरांपर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि हा बदल लेखाधिकाऱ्यांना कोणत्याही पदकापेक्षा मोठा वाटतो. मनू भाकर हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळवली तेव्हा कार्यालयात त्यांना पेढे देण्यात आले, जणू काही त्यांचीच भाची जिंकली होती. त्यांनी मात्र आठवण काढली ती तिच्या टोकियोची. २०२१ साली ऐन फेरीत तिचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मिनिटे गेली, आणि ती अंतिम फेरीला मुकली. त्यानंतरची तीन वर्षे ती रोज सकाळी कशी उठली असेल, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय आहे. त्याच पॅरिसमध्ये तुर्कस्तानचे यूसुफ दिकेच एक हात खिशात घालून, साधा सदरा घालून रौप्य जिंकून गेले, आणि साऱ्या जगाने त्या खिशातल्या हाताचे कौतुक केले. लेखाधिकारी हसले. तो हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवणे ही ऐट नसते. मोकळा हात लोंबकळला तर खांदा हलतो, म्हणून प्रत्येक नेमबाज तो कुठेतरी बांधून ठेवतो. जगाला मुद्रा दिसली. त्यांना खांदा दिसला.

त्यांची मते अशीच, थोडी कोपऱ्यातली. पन्नास मीटर पिस्तूल हा ऑलिंपिकमधला जुना प्रकार होता. २०१६ च्या रिओनंतर तो वगळण्यात आला. दक्षिण कोरियाच्या चिन जोंग-ओ यांनी त्यात लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली होती. दूरदर्शनवर तो प्रकार रंगत नाही आणि पुरुष-महिला समतेचा हिशेब जमवायचा होता, ही कारणे त्यांना ठाऊक आहेत. दुसरे कारण मान्यही आहे. तरीही ते म्हणतात की संथपणा हा ज्या खेळाचा प्राण, त्याला संथपणाबद्दल शिक्षा झाली. संगीतात विलंबित ख्याल बंद करून तराणा तेवढा ठेवावा, तसे हे झाले. हिंदी चित्रपटांतल्या दोन हातांत दोन पिस्तुले घेणाऱ्या नायकांविषयी त्यांना राग नाही. त्या नायकांचा खांदा दुखत कसा नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

परंतु त्यांचे सर्वांत आग्रही मत अर्जुनाविषयी आहे, आणि ते भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी ऐकण्याजोगे आहे. शाळेत, भाषणांत, प्रशिक्षणवर्गांत, सर्वत्र पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट सांगितली जाते. (आदिपर्वात तो पक्षी कृत्रिम आहे, आणि अर्जुनाला दिसते ते त्याचे मस्तक. डोळा ही पुढच्या कथेकऱ्यांची भर.) ही गोष्ट नव्या पिस्तूलबाजाला बुडवते, असे ते सांगतात. माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव दिसते. पिस्तुलाची माशी हातभर अंतरावर, लक्ष्य दहा मीटरवर. दोन्ही स्पष्ट दिसणे अशक्य. निवड करावी लागते, आणि ती माशीची करायची असते. लक्ष्य धूसर, करड्या डागासारखे राहू द्यायचे. हे केवळ गुरुवचन नाही, यामागे साधे गणित आहे. सबंध हात अर्धा मिलिमीटर वर-खाली झाला तर छर्राही अर्धाच मिलिमीटर ढळतो. परंतु मनगट वळून माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर तीच चूक तीसपट होते आणि दहाचा नऊ होतो, कधी आठ. म्हणून ज्याला पक्ष्याचा डोळाच दिसत राहतो तो हमखास चुकतो. क्लबातला फौजेतून निवृत्त झालेला जुना शिक्षक नवशिक्यांवर ओरडतो तोही ‘मक्खी देखो, मक्खी’ असाच. मराठीत ‘माशी कुठे शिंकली’ असे आपण विचारतो; या खेळात त्याचे उत्तर बहुतेक वेळा अक्षरशः माशीपाशीच सापडते. मुंडकोपनिषदातले धनुष्य, शर आणि लक्ष्य यांचे रूपक त्यांना अधिक जवळचे वाटते, कारण तिथे आत्मा शराच्या जागी आहे. जो सुटायचा आहे त्याच्यावर भर आहे.

आणखी एक गोष्ट ते सांगतात. हात कधीही स्थिर नसतो. जगज्जेत्याचाही नसतो. तो एका लहानशा क्षेत्रात डुलत राहतो, आणि ते डुलणे मान्य करून, चालू असतानाच, चाप हलकेच दाबावा लागतो. ‘आता नेमका मध्यावर आला, आता मारतो’ असे म्हणणाऱ्याचा छर्रा बाहेर जातो. दहा-बारा सेकंदांत जमले नाही तर हात खाली आणायचा. न मारलेला छर्रा हे नेमबाजाचे खरे शिक्षण. त्याची नोंद कुठल्याच गुणपत्रकात होत नाही.

त्यांच्या घरात पिस्तूल आले ते मात्र फार उशिरा, २००७ साली. तोपर्यंत आठ वर्षे ते क्लबाच्याच पिस्तुलावर भागवीत होते. हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि पैशांची अडचण होती तरी ती एवढी नव्हती. कारण वडील होते. १९४८ च्या ३० जानेवारीनंतर सातारा जिल्ह्यात जी ब्राह्मणांची घरे जळाली त्यांत त्यांच्या आजोबांचेही होते. वडील तेव्हा दहा वर्षांचे. जळत्या घरातून बाहेर काढलेल्या वस्तूंत एक तांब्याचा हंडा होता. तो दिल्लीच्या घरात आजही आहे. वडिलांनी पुढे कधी त्या दिवसाविषयी शब्द काढला नाही, परंतु नातवाला जत्रेत घेतलेली टिकल्यांची बंदूक त्यांनी मुकाट्याने काढून घेतली आणि तिच्या जागी भोवरा ठेवला. २००६ मध्ये ते वारले. मुलगा रविवारी सकाळी कुठे जातो हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही, निदान कळले असे त्यांनी दाखवले नाही.

दिल्लीत मराठी माणसाने आपण पिस्तूल चालवतो असे सांगावे आणि समोरच्याने विनोद करावा, हे पूर्वी बरेचदा घडे. हल्ली विनोदाऐवजी कधी कधी कौतुक वाट्याला येते, आणि ते त्यांना अधिक असह्य होते. अशा वेळी ते एकच वाक्य बोलतात: त्या माणसाला नेमाची गरज नव्हती. नमस्कार करून समोर उभे राहून, इतक्या जवळून तीन गोळ्या झाडायला नेम लागत नाही. नेम लागतो तो न झाडायला. यानंतर संभाषण बहुधा संपते. ३० जानेवारीला ते पहाटेचा सराव करतात, परंतु पिस्तुलावाचून. रिकामी मूठ उचलतात आणि खाली आणतात.

या संदर्भात त्यांना गणेश वासुदेव मावळणकरांचा मोठा आधार वाटतो. लोकसभेचे हे पहिले सभापती, गांधीजींच्या चळवळीत तुरुंग भोगलेले, घरची भाषा मराठी आणि कर्मभूमी अहमदाबाद. तुरुंगातल्या कैद्यांविषयी त्यांनी लिहिले ते गुजरातीत. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष मावळणकर झाले. गांधीहत्येला तीन वर्षे झाली होती. गांधींच्या माणसाने बंदुकीच्या खेळाचे अध्यक्षपद का स्वीकारले असावे, याविषयी लेखाधिकाऱ्यांची स्वतःची उपपत्ती आहे: शस्त्राला नियमाखाली आणण्याचा मार्ग म्हणजे त्याचा खेळ करणे. इतिहासकाराला ती पुरेशी वाटणार नाही. तिच्यात पुराव्यापेक्षा गरज अधिक आहे. पण मावळणकर स्पर्धेत उतरलेल्या त्या गर्दीत स्पर्धेच्या नावाकडे इतक्या आदराने पाहणारा दुसरा स्पर्धक सापडणे अवघड.

चाळिशी लागली तेव्हा त्यांना पहिला धक्का बसला. माशीच धूसर दिसू लागली. नेमबाजांसाठी एका डोळ्यापुढे बसणाऱ्या खास चौकटी मिळतात. भिंगाचा क्रमांक वाचनाच्या चष्म्याचा नव्हे, बरोबर माशीच्या अंतराचा घ्यावा लागतो. चश्मेवाल्याला ते समजावण्यात दोन महिने गेले. तो प्रश्न सुटला. दुसरा सुटला नाही.

तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला. प्रथम चहाच्या कपात दिसला, मग सहीत. बँकेने एक धनादेश सही जुळत नाही म्हणून परत पाठवला, आणि ज्यांच्या सहीवर कार्यालयाचे हिशेब मंजूर होतात त्यांना आपली सही कोऱ्या कागदावर गिरवून पाहावी लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा घातक आजार नाही. अनेकांना होतो, वयाबरोबर वाढू शकतो. औषध लिहून दिले ते प्रोप्रॅनोलॉल. हृदयाचे ठोके मंदावणारे आणि हाताचा कंप कमी करणारे हे औषध नेमबाजीत पूर्ण निषिद्ध आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरव्हीही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांची पिस्तुलातील दोन पदके याच द्रव्यामुळे काढून घेतली गेली होती. डॉक्टरांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहिली, सकाळ-संध्याकाळ एक गोळी.

ती चिठ्ठी दोन महिने तशीच पडून राहिली. पत्नीने ती शोधून काढली तेव्हा घरात जे भांडण झाले ते त्यांच्या संसारातले सर्वांत मोठे. त्यांचे म्हणणे सरळ होते. भाजी वाढताना रस्सा सांडतो, सही बिघडते, सेवेची चार वर्षे उरली आहेत, आणि हा माणूस औषध घेत नाही ते एका क्लबाच्या स्पर्धेसाठी, जिथे कुणी कुणाची लघवी तपासायला येत नाही. ‘घ्या आणि खेळा,’ असेही त्या एकदा म्हणाल्या. त्या म्हणाल्या त्यात व्यवहाराच्या दृष्टीने काहीच चूक नव्हते. राज्य पातळीच्या वयस्करांच्या गटात सत्ताविसाव्या क्रमांकासाठी कोण चौकशी करणार? वैद्यकीय कारणासाठी सूट मागण्याची तरतूद आहे. पण हाताचे स्थैर्य हाच ज्या खेळाचा कस, त्यात स्थैर्य देणाऱ्या औषधाला सूट कोणत्या तोंडाने मागायची, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि त्याच दिवशी राज्य स्पर्धेचा अर्ज मागे घेतला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिले.

तिसऱ्या आठवड्यात, सरावाच्या एका रविवारी, त्यांचे ५६३ गुण पडले. चोवीस वर्षांत एवढे कधीच पडले नव्हते. हात असा होता की जणू दुसऱ्याच कुणाचा. क्लबातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, फौजी शिक्षकाने पाठीवर थाप मारली. त्यांची एक वही आहे; १९९९ पासूनचा प्रत्येक साठ छर्ऱ्यांचा हिशेब तीत आहे, तारीख, हवा, झोप किती झाली, चहा घेतला की नाही, यांसह. त्या रविवारची तारीख वहीत आहे. पुढे ‘थंडी. झोप सहा तास.’ असे लिहिले आहे. गुणांच्या जागी आडवी रेघ आहे. हिशेबनीसाला रेघेचा अर्थ ठाऊक असतो: शून्य वेगळे आणि रेघ वेगळी.

हंगेरीचे कारोय टाकाच त्यांचे जुने दैवत. १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात उजवा हात गेला, डाव्या हाताने शिकून त्यांनी १९४८ च्या लंडनला आणि १९५२ च्या हेलसिंकीला सुवर्णपदक मिळवले. पोरे ही गोष्ट त्यांना धीर देण्यासाठी सांगतात. त्यांनी तिचा काथ्याकूट करून झाला आहे. टाकाच यांचा एक हात गेला होता. यांचे दोन्ही आहेत, दोन्ही थोडे थोडे हलतात, आणि गोळीने दोन्ही थांबतात. दैवताचा या ठिकाणी उपयोग नाही.

आता ते रविवारी क्लबात जातात ते बहुधा नवशिक्यांच्या मुठी घासून द्यायला. राज्य स्पर्धेच्या वेळी चापाचे वजन तपासणाऱ्या मेजावर त्यांना बसवण्यात आले. तिथे स्पर्धकांनी त्यांच्यासमोर पिस्तुले ठेवली आणि ते एकेका चापाला पाचशे ग्रॅम अडकवून उचलून पाहत राहिले, हात जराही न हलता. पहाटेचे शंभर तसेच चालू आहेत. क्लबात स्वतः साठ छर्रे मारायचे झाले तर ते जुन्या, दोरीवर सरकणाऱ्या कागदी लक्ष्यांची रांग मागून घेतात आणि कार्ड उलटे लावतात. समोर पांढरा कागद. वर्तुळ नाही, आकडा नाही, मोजायला काही नाही. सरावाची ही पद्धत जुनीच आहे, नवशिक्यांना मुद्दाम दिली जाते. ते आता एवढेच करतात.

ती कार्डे घरी येतात तेव्हा कोऱ्या बाजूच्या मध्यभागी साठ भोकांची एक चिंधी झालेली असते. वाण्याची यादी कशावर लिहायची, हा पत्नीचा प्रश्न आहे. छापील बाजू अजून कोरी आहे, असे त्यांनी सुचवून पाहिले. पण त्या काळ्या वर्तुळावर तूरडाळ लिहिली तर वाचणार कोण? गेल्या महिन्यात त्यांनी बाजारातून एक वही आणली.